नोकरीच्या अर्जासोबत तीन मिनिटांचा पॉडकास्ट पाठवू का?

पंचगंगाकाठ:
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. मी बीएस्सी केमिस्ट्री, साखर कारखान्याच्या लॅबमध्ये सात गळीत हंगाम काढलेत. ब्रिक्स, पोल, प्युरिटी या रसातल्या साखरेच्या तपासण्या, शिफ्टची ड्यूटी, सगळं केलंय. मुलगी झाल्यावर रात्रपाळी जमेना म्हणून सोडलं, त्याला दोन वर्षं झाली. आता एका संस्थेत शेतकरी प्रशिक्षण समन्वयकाची जागा निघालीय, ऊसपट्ट्यातल्या गावांत बैठका घ्यायच्या आणि माहिती सोपी करून सांगायची असं काम आहे. ते मला येतं ओ, लॅबच्या दारात येऊन "उतारा कमी का लागला", म्हणजे उसातनं साखर कमी टक्के का निघाली, असं विचारणाऱ्या कितीतरी शेतकऱ्यांना मी समजावून सांगितलंय, पण बायोडेटात ते कुठंच दिसत नाही, तिथं नुसतं 'लॅब केमिस्ट'. म्हणून घरी मोबाईलवर तीन-तीन मिनिटांचे चार भाग रेकॉर्ड केलेत. पहिल्यात माझी ओळख, दुसऱ्यात उतारा म्हणजे काय, तिसऱ्यात तोडलेला ऊस फडात पडून राहिला की काय होतं, चौथ्यात एफआरपीचा, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या उसाच्या किमान दराचा हिशोब. घरचे म्हणतात कोण ऐकत बसणार, उलट पोरकट वाटेल. पाठवू का? चारही की एकच? आणि माझी बोली कोल्हापुरी आहे, पुस्तकी बोलायला गेले की अडखळते, ते चालेल का?

मुलाखतीच्या पलीकडून:
ताई, मी बारा वर्षं भरतीचं काम करतोय, शेतीशी संबंधित कंपन्यांतच. पाठवा, पण एकच पाठवा. एका जागेला दीडशे-दोनशे अर्ज आले की पहिल्या फेरीत आम्ही फक्त कागद बघतो, आणि जिथं सॉफ्टवेअर अर्ज चाळतं तिथं तर ते फक्त मजकूर वाचतं, ऑडिओ त्याला कळत नाही. म्हणजे बायोडेटा आधी स्वतःच्या जोरावर पास झाला पाहिजे. ऑडिओचा उपयोग दुसऱ्या फेरीत, दहा-बारा जणांतून चार निवडताना होतो. तिथं मात्र खूप होतो, कारण "उत्तम संवादकौशल्य" हे प्रत्येकाने लिहिलेलंच असतं आणि ते तपासायला आमच्याकडे काही नसतं.

ओळखीचा भाग काढून टाका. नाव, शिक्षण, अनुभव हे मी दहा सेकंदांत वाचतो, तेच तीन मिनिटं ऐकायला लावलं तर मी बंद करणार. फडात पडलेल्या उसाचा भाग पाठवा. बायोडेटात लिंक टाकताना पुढे एक ओळ लिहा, 'तोडीनंतर ऊस लवकर का गाळावा, शेतकऱ्यांसाठी, 3 मिनिटं'. ऐकायच्या आधीच काय आहे ते कळलं पाहिजे. दोन वर्षांच्या खंडाबद्दल ऑडिओत काही बोलू नका, बायोडेटात एका ओळीत लिहा, पुरे.

गोधडी स्टुडिओ:
मी कम्युनिटी रेडिओवर काम केलंय म्हणून बोलीबद्दल आधी सांगते. अजिबात बदलू नका!! म्हसवडच्या माणदेशी तरंग 90.4 या रेडिओवर लोक माणदेशातल्या बोलीतच बोलतात आणि म्हणून तर ते ऐकलं जातं. तुम्हाला नोकरी गावात बैठक घ्यायची हवीय, मग 'ऊस तोडल्यानंतर' म्हणायच्या ऐवजी 'ऊस तोडला की' म्हणा. फक्त वाचून दाखवू नका, समोर एक खरा शेतकरी बसलाय असं धरून त्याला सांगा, कागदावर चार मुद्दे ठेवा बास.

रेकॉर्डिंगचं म्हणाल तर पंखा बंद, मोबाईल फ्लाइट मोडवर, तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला, म्हणजे प-फ-भ चा फुस्स आवाज येत नाही. रिकाम्या खोलीत घुमतं, त्यामुळे कपड्यांचं कपाट उघडून त्याच्यासमोर बसा नाहीतर पाठीमागं गोधड्या टांगा. ऑडॅसिटी हे आवाज कापायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात सुरुवातीची-शेवटची शांतता कापा, आवाज एकसारखा करा. मोनो एमपीथ्री 64 केबीपीएसला काढली तर तीन मिनिटांची फाइल दीड एमबीच्या आत बसते. सुरुवातीचं संगीत नको. आणि ड्राइव्हची लिंक देत असाल तर 'लिंक असलेल्या कोणालाही' अशी परवानगी दिलीय का ते दुसऱ्याच्या फोनवरून उघडून बघा, माझ्या ओळखीच्या एका मुलीची लिंक परवानगी मागत राहिली आणि कोणी मागितलीच नाही.

शेतकी गट:
मी कारखान्यात चिटबॉय, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारा म्हणून लागलो आणि तिथल्याच शेतकी खात्यातनं रिटायर झालो. पोरी, चांगलं करतीयास. दोन गोष्टी सांगतो.

एक, कारखान्याचं नाव, तिथल्या उताऱ्याचे आकडे, कोणत्या शेतकऱ्याशी काय बोलणं झालं हे काही घालू नकोस. तिथली माहिती तुझी नव्हं, आणि नवीन ठिकाणचा माणूस पण विचार करणार की ही आमचंबी उद्या असंच सांगंल. सरकारी आकडे वापर, ते सगळ्यांचे.

दोन, एफआरपीचा भाग पाठवायचा झाला तर जपून. 2025-26 ला 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलला 355 रुपये, आणि वरच्या दर 0.1 टक्क्याला 3 रुपये 46 पैसे. म्हणजे टनाला 3550, आणि उतारा 11.25 निघाला तर 346 वाढून 3896, त्यातनं तोडणी-वाहतूक वजा. इथवर सगळे सांगतात. पण शेतकरी विचारतो, 'माझा ऊस चांगला, मग मला जादा का नाही?' तर दर कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरतो, एकट्याच्या उसावर नाही. हे सांगितलं नाहीस तर बैठकीत पहिल्या पाच मिनिटांत अडवतील.

पंचगंगाकाठ:
काका, हे सरासरीचं माझ्या भागात खरंच राहिलं होतं, मी नुसतं गणित सांगून मोकळी झाले होते. तो भाग परत करते. सगळ्यांचे मनापासून आभार.

उसाचा भाग काल रात्री मुलगी झोपल्यावर कपाटासमोर बसून पुन्हा केला. सुरुवात अशी केलीय: "ऊस तोडला म्हणून मेला असं समजू नका. त्याच्या आत काम चालूच असतं, आणि ते तुमच्या विरोधात चालू असतं. जी साखर आपल्याला हवी ती फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, त्यांचे दाणे बनत नाहीत, ती मळीत जाते. वर ऊन असलं की पाणी उडून वजन पण घटतं. म्हणून तोड मिळाली की पहिला फोन ट्रॅक्टरवाल्याला." मग तोडल्यापासून चोवीस तासांत ऊस गाळला जावा हा मुद्दा, आणि पाचट म्हणजे उसाचा वाळका पाला टाकून मोळ्या झाकायचं सांगितलंय. 2 मिनिटं 50 सेकंद झालं. शेजारच्या काकूंना ऐकवलं, त्यांचा चार एकर ऊस आहे, त्यांनी लगेच विचारलं की गाडी दोन दिवस आली नाही तर पाणी मारायचं का मोळ्यांवर. हा प्रश्न पण आत घेऊ का?

मुलाखतीच्या पलीकडून:
घ्याच. काकूंनी विचारला तसाच, तुमच्या आवाजात. तीन मिनिटांच्या वर दहा-पंधरा सेकंद गेले तरी चालतील. अर्जाची शेवटची तारीख कधी आहे?

पंचगंगाकाठ:
शुक्रवार. आज रात्री परत बसते.