प्रतिसाद : झाडे लावून उंची झाकत नाही

थीम पार्कमधील नव्या उंच राईडमुळे पार्कच्या जुन्या भागाचा देखावा बिघडला तरी भोवती झाडे लावली की प्रश्न मिटतो, हे वरचे मत मला पटत नाही. झाडे वाढायला वर्षे लागतात आणि साठ मीटरचा मनोरा त्यांच्यामागे लपतही नाही. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडला 1955 साली चहूबाजूंनी मातीचा उंच बांध घातला गेला, तो बाहेरचे जग आतून दिसू नये म्हणूनच. पण नवे बांधकाम आतच, किंवा शेजारच्या पार्कात होते, तेव्हा बांध अपुरा पडतो. फ्लोरिडातील डिस्नेच्या एका पार्कात 1994 साली उघडलेला 'टॉवर ऑफ टेरर' हा राईडचा मनोरा डिस्नेच्याच शेजारच्या एपकॉट पार्कातील, मोरोक्को देशाच्या धर्तीवर उभारलेल्या विभागाच्या मागे दिसतो. तो लपवता येणार नाही हे ओळखून त्याचा रंग आणि शिखरांची ठेवण मोरोक्कोच्या वास्तूंशी जुळेल अशी केली, आणि माझ्या मते हाच सर्वांत प्रामाणिक उपाय आहे.

आणखी एक गोष्ट इथे कुणी मांडलेली नाही : पाहणारा कुठे उभा आहे, यावरही बरेच अवलंबून असते. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर मी अनेकदा बसतो. नदीलगतच्या खालच्या पायरीवर पाण्याकडे पाठ करून बसले, की वर चढत गेलेला घाटच मागचे बरेच काही झाकतो. वरच्या पायरीवर आले, की तारा आणि नवी छपरे नजरेत शिरतात. म्हणून नव्या राईडचा आराखडा मंजूर करण्यापूर्वी जुन्या भागातील प्रत्येक वळणावर, लहान मुलाच्या आणि मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून, ती कितपत दिसेल हे तपासायला हवे.