जनरेटर, ओटा आणि ईएचपी

फेमा या अमेरिकेच्या आपत्ती-व्यवस्थापन संस्थेच्या अनुदानातून तुम्हाला जनरेटर घ्यायचाय. तो ट्रेलरवरचा असता तर गोष्ट वेगळी होती. पण तुम्हाला काँक्रीटचा ओटा घालून तो कायमचा बसवायचा आहे, आणि ‘मंजुरी येईपर्यंत निदान खणून तरी घेऊ’ हेच नडतं. फेमाची पर्यावरण व वारसा तपासणी (ईएचपी) पुरी होण्याआधी कुदळ लागली, तर त्या कामाचे पैसे हातचे जाऊ शकतात. अर्जासोबत इमारतीचं बांधकाम-वर्ष, जागेचे रंगीत फोटो, हवाई छायाचित्र आणि खोदकामाची लांबी-रुंदी-खोली द्या. ओट्याचं माप सगळे देतात; तिथून इमारतीपर्यंतचा केबलचा चर विसरतात, आणि फाइल परत येते.

आता नोंदवही. अनुदानातून घेतलेलं यंत्र किती किमतीपासून तिच्यात नोंदवायचं, ती मर्यादा आधी ५,००० डॉलर होती; १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या अनुदानांना ती १०,००० आहे. जुन्या अनुदानाला सहसा जुनीच लागू, तेव्हा अनुदानपत्राची तारीख बघा. सिरीयल नंबर, अनुदान क्रमांक, खरेदीची तारीख, किंमत, त्यात फेडरल (केंद्र सरकारचा) वाटा किती टक्के, ठिकाण, अवस्था हे रकाने हवेतच. दर दोन वर्षांनी प्रत्यक्ष मोजणी करून नोंदवहीशी ताळा घालायचा. ‘ठिकाण: गोदाम’ एवढ्यावर भागवू नका, तपासनीस यंत्रावरची पट्टी वाचायला मागतो.