मदत हवी आहे: दोन जर्मन शब्दांना इंग्रजी प्रतिशब्द
नमस्कार मंडळी. मी ऐरोलीत राहते. एका जर्मन कथेचं इंग्रजी भाषांतर करतेय आणि दोन शब्दांपाशी गाडी अडलीय.

‘फायरआबेंड’ म्हणजे दिवसाचं काम संपलं, आता उरलेला वेळ आपला. कथेतला सुतार रंधा खाली ठेवतो, अंगावरचा भुसा झटकतो आणि एवढा एकच शब्द बोलतो. ‘क्विटिंग टाइम’मध्ये सुटका येते, पुढची निवांत संध्याकाळ येत नाही.

दुसरा ‘डॉख’. ‘तू आलाच नाहीस!’ला उत्तर ‘डॉख!’, म्हणजे ‘आलो होतो की!’ इंग्रजीत ‘येस, आय डिड’ म्हटलं की भांडणातला ठसका जातो. तळटीप मला नको, ओघ तुटतो.

ठाणे-नवी मुंबईत कुणी जर्मन शिकवत असेल, तर तुम्ही काय वापरता ते वाक्यासकट सांगाल का? भेटायलाही येईन.