ओळखीचा वकील आणि ई-कोर्ट्स

लोक म्हणतात की वकील ओळखीतलाच धरावा, फसवणूक होत नाही. फसवणूक नाही होत हे खरं, पण काम होईलच असंही नाही. वडील गेल्यावर वारस दाखल्यासाठी आम्ही आतेभावाच्या ओळखीच्या वकिलांकडे गेलो. माणूस अगदी सज्जन, शिवाजीनगर कोर्टासमोर चहासुद्धा तेच पाजायचे. आठ महिन्यांत अर्ज दोनदा त्रुटी निघून परत आला.

मग पुतणीने ई-कोर्ट्सची, म्हणजे कोर्टातल्या प्रकरणांची माहिती देणारी सरकारी साइट उघडून दिली. तिथे पुणे जिल्हा न्यायालय निवडून वकिलाच्या नावाने त्याची प्रकरणं शोधता येतात, फुकट. आमच्या वकिलांचं नाव टाकलं तर सगळी यादी अपघात भरपाईच्या दाव्यांची! वारसाचं प्रकरण एकच, आमचं. (हसावं की रडावं कळेना.) दुसऱ्या वकीलबाई तशाच यादीतून शोधल्या. आधीच्या वकिलांकडून वकीलपत्रावर 'ना हरकत' (म्हणजे वकील बदलायला संमती) घ्यायला मात्र आतेभावालाच पुढे करावं लागलं.

आणि वकिलाच्या फीची चिंता असेल तर: महिलांना उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. हेल्पलाइन १५१००.