डार्क फँटसीत भाकीत मोडता येतं का?

गोदाकाठ:
मंडळी, २४ प्रकरणांची डार्क फँटसी, म्हणजे काळोखी अद्भुतकथा, लिहितोय. दुसऱ्या प्रकरणात पंचवटीतली एक म्हातारी नायकाला सांगते, "दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागेल त्या रात्री गोदावरी तुला घेऊन जाईल." (रामकुंडाजवळची ही मूर्ती; नाशकात पुराचं पाणी तिच्यावरून मोजतात.) शेवटी तो वाचतो. खर्डा वाचणारे म्हणतात, फसवणूक वाटते. मारला तर म्हणतात, मग एवढी धडपड कशाला वाचायची? काय करावं?

पंचवटीकर:
मोडता येतं, पण भाकिताच्याच शब्दांतून. वाक्य कागदावर फोडा: कोण, कुठे, कधी, काय होणार. यातली एकच जागा सैल ठेवा. दोन ठेवल्या की वाचकाला वाटतं, लेखक हवं तसं वळवतोय.
जयद्रथाच्या बापाचा, वृद्धक्षत्राचा शाप आठवा: जो माझ्या मुलाचं मस्तक जमिनीवर पाडेल त्याच्या डोक्याची शंभर शकलं होतील. अर्जुनाने शाप खोडला नाही. मस्तक बाणांनी उडवत नेऊन संध्येला बसलेल्या बापाच्याच मांडीत टाकलं. तो उठला, मस्तक खाली पडलं, शकलं त्याची झाली.
तुमच्याकडे "घेऊन जाईल" सैल आहे. नेणं म्हणजे मारणंच असं नाही. पुरात वाहिलेलं जनावर खाली नदीकाठच्या सायखेड्याला जिवंत काठाला लागलं, हे चौथ्या प्रकरणात भलत्याच कामाच्या ओघात येऊ द्या. नवव्यात पुन्हा, ओझरतं.

जुनं नाशिक:
नुसत्या पळवाटीने कोडं होतं, डार्क फँटसी होत नाही. परीक्षित बघा. तक्षक नाग डसून मरशील असा शाप, सात दिवसांची मुदत, एकखांबी महाल, पहारा. तरी तक्षक फळातला किडा होऊन आत गेला. पण खरी काळोखी जागा त्याआधी, वाटेवर आहे. काश्यप विष उतरवायला निघाला होता. तक्षकाने जाळलेला वड त्याने पुन्हा हिरवा करून दाखवला. मग ध्यान लावून पाहिलं, राजाचं आयुष्य सरलंय. आणि तक्षकाचं धन घेऊन परत फिरला. नियती की लाच? कथा उत्तर देत नाही.
तुमच्याकडे असा माणूस आयता आहे: गंगापूर धरणाच्या दरवाज्यांवरचा. तिथल्या विसर्गावर रामकुंडाचं पाणी बरंचसं ठरतं. मरण पावसाच्या हाती कशाला ठेवता?

गोदाकाठ:
म्हणजे त्याने दरवाजे उघडलेच नाहीत तर भाकीत खोटं?

जुनं नाशिक:
छे, वाढतं! भरल्या धरणात पाणी अडवून धरलं की नंतर एकदम सोडावं लागतं. कमरेला थांबलं असतं ते छातीला येतं. दरवाजे बंद ठेवायची गळ नायकानेच घातलेली असू द्या.

मेनरोड:
वरच्या दोन्हींत एक राहिलं, किंमत. सावित्रीचा दाखला इथे चालत नाही, तिथे यम खूश होऊन वर देतो. डार्कमध्ये यम खूश होत नसतो. नायक वाचला तर त्याच्या जागी कोण गेलं ते दाखवा, आणि ते माणूस वाचकाला आधी तीन-चार प्रसंगांत भेटलेलं हवं. ऐनवेळी आणलेला भाऊ नको.
मारुतीला दोन तोंडं आहेत म्हणून "कुठल्या बाजूची छाती?" असला खेळ करू नका, तुमची एक सैल जागा वापरून झालीय. मूर्ती घड्याळासारखी वापरा: १२व्यात गुडघे, १७व्यात कंबर, मग पाणी ओसरू द्या. वाचक आणि नायक दोघंही सैलावले की २३व्यात छाती.