मदत हवी आहे: ताम्रपट खरा की खोटा? रविवारच्या आत सांगा

कडेपठार
जुना ताम्रपट आहे, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं दानपत्र, चालुक्य राजा पुलकेशीचा. खरा आहे की नाही हे कसं ओळखायचं? नेटवर शोधून झालं, सगळे नुसता इतिहास सांगतात. 'म्युझियममध्ये जा' म्हणू नका, वेळ नाही.

मोडीवेडा
किती पत्रे आहेत? कडी, शिक्का? वजन किती? फोटो कुठाय?

कडेपठार
एकच पत्रा, दोन्ही बाजूंनी मजकूर. कडी नाही, भोक आहे. फोटो टाकता येत नाही, कारण आहे.

नानाकाका
आमच्याकडे पेशवाईतली इनामाची सनद आहे. वडिलांनी फ्रेम करून भिंतीला लावली आणि ओल लागली. तुम्ही कडुलिंबाचा पाला घालून ठेवा, वाळवी लागणार नाही.

मोडीवेडा
काका, तांब्याला कुठली वाळवी! वजन सांगा हो कडेपठार.

सुगरण_सुमा
आधी चिंच-मीठ लावून घासा, अक्षरं लख्ख दिसतील. माझी कळशी बघा कशी चमकते.

अनघा_लिपी
अजिबात घासू नका! हिरवट थर गेला की निम्मा पुरावा गेला. आणि मजकूर काय आहे? जसाच्या तसा उतरवा.

कडेपठार
सुरुवातीलाच 'श्रीशालिवाहन शके ५५६'. पुढे पुलकेशी महाराज, गावाचं नाव पुसट. शाळेत संस्कृत होतं त्यामुळे बरंचसं वाचता आलं.

अनघा_लिपी
इथेच माशी शिंकली. सातव्या शतकातल्या बदामी चालुक्यांची लिपी देवनागरी नव्हे. शाळेच्या संस्कृतावर ती वाचता येत नाही, आम्हालासुद्धा तक्ते घेऊन बसावं लागतं.

दुसरं, 'शालिवाहन'. शकाला हे नाव फार नंतर चिकटलं. चालुक्य राजा मंगलेशाच्या बदामीच्या लेखात, म्हणजे शके ५०० मध्ये, 'शकनृपतिराज्याभिषेकसंवत्सर' असा उल्लेख आहे. शालिवाहनाचा पत्ताच नाही. आणि ५५६ हा ऐहोळेच्या शिलालेखाचा, म्हणजे रविकीर्ती कवीने रचलेल्या पुलकेशीच्या प्रशस्तीचा शक, कुठल्याही गाइडात मिळतो. बनवणाऱ्याने तिथूनच उचलला असावा, असा माझा तरी संशय.

या दानपत्रांना सहसा दोन-तीन पत्रे असतात, कडीत ओवलेले. पहिल्याची आणि शेवटच्याची बाहेरची बाजू बहुधा कोरी, अक्षरं झिजू नयेत म्हणून. चालुक्यांच्या शिक्क्यावर वराह. तुमच्याकडे यातलं काहीच नाही. पत्र्याची जाडी चार ठिकाणी मोजा. सगळीकडे तंतोतंत सारखी भरली तर तो ठोकून केलेला नाही, कारखान्यातला आहे.

उलटतपासणी
एवढ्यावरून बाद करू नका. मूळ पत्रा हरवला की नंतरच्या पिढ्या नवी प्रत कोरून घेत. लिपी नवी, मजकूर जुना. बनावट आणि प्रत यांत फरक आहे.

अनघा_लिपी
फरक आहे, मान्य. पण प्रत करणाराही चुकतो आणि सापडतो. समुद्रगुप्ताच्या गयेच्या ताम्रपटात त्याची विशेषणं षष्ठीत आणि नाव प्रथमेत. वारसाच्या लेखातून उतरवताना विभक्ती बदलायची राहिली. पुरालेखतज्ज्ञ फ्लीटने नेमकं तेच पकडलं.

उलटतपासणी
म्हणजे जुना बनावटही जुनाच की! हर्षाच्या मधुबन ताम्रपटात तर सरळ लिहिलंय की वामरथ्य नावाचा ब्राह्मण कूटशासनाच्या, म्हणजे बनावट दानपत्राच्या जोरावर सोमकुंडका गाव उपभोगत होता. हर्षाने ते शासन मोडलं आणि गाव दुसऱ्या दोघांना दिलं. इ. स. ६३१. तो मोडलेला खोटा पत्रा आज मिळाला तर मी गाडी विकून घेईन.

मोडीवेडा
मनुस्मृतीत कूटशासन करणाऱ्याला देहदंड आहे. तेव्हाही धंदा जोरात असणार, उगाच कोण लिहितो? असो. वजन?

रणशिंग
मुळात पुलकेशी मराठी होता. चिनी प्रवासी ह्युएनत्संगाने त्याच्या राज्याला 'महाराष्ट्र' म्हटलंय.

तुंगभद्रा
राजधानी बदामी, शिलालेख कन्नडमध्येही, आणि म्हणे मराठी! वेगळा धागा काढा, तिथे भेटू.

अनघा_लिपी
कडेपठार, हा पत्रा तुमच्या घरातला आहे का? शेतात मिळाला?

कडेपठार
आमचा नाही हो. एक ओळखीचा विकतोय, त्याच्या गावी पाया खणताना निघाला म्हणे. अडीच लाख सांगतोय, रविवारी इसार द्यायचाय. म्हणूनच फोटो टाकत नव्हतो, दुसरं कोणी उचलेल.

मोडीवेडा
अहो, हे पहिल्या ओळीत सांगायचं!

अनघा_लिपी
मग तर दोन्हीकडून अडकाल. जमिनीत निघालेल्या वस्तूची कलेक्टरला खबर द्यावी लागते, तो कायदा १८७८ पासूनचा आहे. १९७२ च्या कायद्याने परवान्याशिवाय पुरावस्तूंचा व्यापारही करता येत नाही. खरा असेल तर तो विकू शकत नाही, खोटा असेल तर तुम्ही कशाला घेता? त्याला एवढंच म्हणा, पुरातत्त्व खात्याच्या म्हैसूरच्या पुरालेख शाखेला ठसा पाठवून वाचून घेऊ, मग इसार.

नानाकाका
आमची सनदही वाचून मिळेल का तिथे?

मोडीवेडा
मोडीसाठी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात विचारा काका.

कडेपठार
म्हैसूरचं नाव काढलं तर तो आता चाळीस हजारांत देतो म्हणाला, आजच्या आज. जाडी मोजली, चारही कडांना सारखीच. वजन पावणेदोन किलो.