9:20 चा स्ट्रॅडल ‘बॅकटेस्टने सिद्ध’? आधी हिशोब नीट मांडा

त्रैराशिक

या फोरमवरच्या परवाच्या लेखाचा सारांश असा: सकाळी 9:20 ला निफ्टीचा एटीएम स्ट्रॅडल (चालू भावाजवळचा एक कॉल आणि एक पुट ऑप्शन, म्हणजे दोन लेग) विका, दोन्ही लेगना 25 टक्के स्टॉपलॉस लावा, 3:10 ला बाहेर पडा. बॅकटेस्टमध्ये (जुन्या भावांवर चालवून पाहताना) चार वर्षांत रोज सरासरी 6 पॉइंट सुटले, म्हणून पद्धत ‘सिद्ध’. खाली नुसती वाहवा चालली आहे. उत्तर लांबलं म्हणून वेगळा धागा काढतोय.

चार वर्षं म्हणजे साधारण 1000 दिवस. लेखातल्याच तक्त्यात रोजच्या नफ्यातोट्याचं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा चढउतार) 60 पॉइंट दिलंय. त्याला 1000 च्या वर्गमुळाने भागलं की 1.9 येतात, आणि 6 ला 1.9 ने भागलं की टी (सरासरी योगायोगाच्या चढउताराच्या किती पट आहे तो आकडा) 3.16. दिसायला भक्कम. पण लेखकच सांगतात की एंट्रीच्या पाच वेगवेगळ्या वेळा, पाच स्टॉपलॉस आणि चार एक्झिट तपासून सगळ्यांत चांगली जोडी निवडली. म्हणजे 100 प्रकार झाले. काडीचाही दम नसलेल्या 100 स्वतंत्र पद्धती 5 टक्क्यांच्या कसोटीला लावल्या, तर त्यातली एक तरी पास होण्याची शक्यता 99.4 टक्के असते. बॉनफेरोनी (जितके प्रकार तपासले तितक्याने कसोटीची मर्यादा भागणं) लावला तर 0.05 भागिले 100, म्हणजे टी साधारण 3.5 हवा. इथेच नापास.

आणि यात खर्च धरलेलाच नाही! दोन्ही प्रीमियम (ऑप्शनचे भाव) मिळून 200 पॉइंट आणि लॉट (एका सौद्याची किमान संख्या) 2025 मधला 75 चा धरू. चार ऑर्डरींची दलाली 80 रुपये, जीएसटीसह 94, म्हणजे सव्वा पॉइंट. एसटीटी (विक्रीवरचा सरकारी व्यवहार कर) 1 ऑक्टोबर 2024 ला लागू झालेल्या 0.1 टक्के दराने 0.2 पॉइंट. एक्स्चेंजचे चार्जेस किरकोळ. स्लिपेज (ठरवलेल्या आणि प्रत्यक्ष मिळालेल्या भावातला फरक) ऑर्डरमागे पाऊण पॉइंट धरलं तर 3. एकूण साडेचार गेले, हातात दीड उरला. टी 0.8. एवढ्यावर लोकांना भांडवल लावायला सांगायचं?

पिवोट पॉइंट

खर्चाचं बरोबर, त्यावर वाद नाही. पण बॉनफेरोनी इथे चालवणं चूक आहे. 9:20 आणि 9:25 चे निकाल जवळपास सारखेच असतात. हे 100 प्रकार स्वतंत्र नाहीतच. एवढी कडक चाळणी लावली तर खरी पद्धतही गाळली जाईल. शेजारचे आकडे बघा ना. 20, 25, 30 टक्के तिन्ही स्टॉपलॉसला नफा दिसत असेल, तर तो योगायोग कसा?

त्रैराशिक

स्वतंत्र नाहीत हे मान्य. मग हॅल्बर्ट व्हाइट यांची 2000 सालची ‘रिॲलिटी चेक’ कसोटी वापरा, ती याचसाठी आहे. 100 प्रकारांचे रोजचे निकाल 100 स्तंभांत मांडा, ओळ म्हणजे दिवस. प्रत्येक स्तंभातून त्याची स्वतःची सरासरी वजा करा, म्हणजे सगळे ‘दम नसलेले’ झाले. आता पाच ते दहा सलग दिवसांचे गठ्ठे यादृच्छिक उचलून 1000 दिवस नव्याने रचा. सगळ्या स्तंभांना तेच दिवस, नाहीतर परस्परसंबंध मोडतो. त्यातली सर्वांत मोठी सरासरी टिपा. असं किमान 1000 वेळा करा. त्यातल्या 5 टक्क्यांहून जास्त वेळा ती खऱ्या 6 पॉइंटच्या वर गेली, तर दावा फेटाळा.

शेजारच्यांच्या नफ्याने मात्र काही सिद्ध होत नाही. तेच 1000 दिवस, तेच वाईट दिवस गायब. एकच साक्षीदार तीनदा बोलला.

लॉटसाइज

ही सगळी कसरत कशासाठी? बाजार नियामक सेबीने लॉट वाढवला, नोव्हेंबर 2024 पासून बँक निफ्टीची वीकली (दर आठवड्याला संपणारे ऑप्शन्स) बंद केली, सरकारने एसटीटी चढवला. छोट्या माणसाला बाहेर काढायचं ठरवूनच बसलेत. आधी त्यावर बोला.

सांख्यिकी सखाराम

त्याच सेबीच्या अभ्यासात आर्थिक वर्ष 2022 ते 2024 या काळात एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) मधले 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते. एकत्रित तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. लॉट 25 चा ठेवला असता तर तोटा हप्त्याने झाला असता, एवढाच फरक.

लॉटसाइज

एसी खोलीत बसून बोलणं सोपं आहे.

पिवोट पॉइंट

भांडण नंतर. मूळ लेखातली मोठी खोट अजून कुणी काढलेली नाही: स्टॉपलॉस कुठे भरला? 100 ला विकलेल्या लेगच्या एक मिनिटाच्या कँडलचा (त्या मिनिटातल्या भावांचा आलेख) हाय 125 ला शिवला की सॉफ्टवेअर 125 ला बाहेर काढतं. पण एनएसईने 27 सप्टेंबर 2021 पासून ऑप्शन्समध्ये एसएल-एम ऑर्डर (ट्रिगर लागताच मिळेल त्या भावाने बाहेर काढणारा स्टॉपलॉस) बंद केली. आता ट्रिगर 125 आणि लिमिट 130 अशी एसएल-लिमिट (लिमिटच्या वरच्या भावाला सौदा न करणारी) टाकावी लागते. भाव 124 वरून थेट 138 ला उडाला तर ट्रिगर लागतो, ऑर्डर मात्र लटकते, आणि लेग उघडा राहतो. बॅकटेस्टमध्ये तो लेग 25 टक्के तोट्यात सुटलेला दिसतो.

लॉटसाइज

एसएल-एमवर बंदी घालणं हीच मूळ चूक आहे.

पिवोट पॉइंट

नाही. ऑर्डर बुक पातळ (समोर उभ्या ऑर्डरी थोड्या) असताना मार्केट ऑर्डर गेली की भाव कुठल्या कुठे लागायचा. ऑगस्ट 2021 मधला फ्रीक ट्रेड (क्षणभर भलत्याच भावाला झालेला सौदा) आठवा. बंदीमागे कारण होतं. बॅकटेस्ट करणाऱ्याने एवढंच करावं: हाय ट्रिगरला शिवला तर पुढच्या मिनिटाचा ओपन हा भाव धरावा, आणि तो लिमिटच्या वर असेल तर पोझिशन चालूच ठेवावी. बरेच सुंदर आलेख तिथेच आडवे होतात.

घाटावरचा

तुम्ही सगळे आकड्यांत अडकलात. चार्ट वाचणाऱ्याचा अनुभव कुठल्या कसोटीत बसवणार?

त्रैराशिक

नियम आधी लिहून काढला की बसतो. डबल बॉटम (चार्टवर जवळपास सारखे दोन तळ) घ्या: दोन लो एकमेकांच्या 1 टक्क्याच्या आत, मध्ये 20 ते 60 कँडल, नेकलाइनच्या (दोन तळांमधल्या उंचवट्याच्या पातळीच्या) वर क्लोज झाल्यावर पुढच्या ओपनला खरेदी, 15 दिवसांनी विक्री. मग तितकेच दिवस धरणाऱ्या यादृच्छिक खरेद्यांशी तुलना करा, कारण निफ्टी वर्षानुवर्षं चढत आलाय आणि कुठल्याही तारखेला घेऊन ठेवलं तरी बहुतेकदा नफाच दिसतो. उजवीकडचे कँडल झाकून लिहिता येत नसेल तो नियम नाही.

आणि शेअर्सवर तपासताना आजची निफ्टी 50 ची यादी घेऊन 2010 पासून चालवू नका. तेव्हाच्या यादीत युनिटेक, सुझलॉन, जयप्रकाश असोसिएट्स होते. येस बँक मार्च 2020 पर्यंत होती. पडलेले वगळले की कुठलीही पद्धत हुशार दिसते.

सांख्यिकी सखाराम

स्ट्रॅडलच्या बाबतीत टी-वरही फार विसंबू नका. रोज थोडं कमवून एका दिवशी खूप घालवायचं, अशी ही वाटणी आहे; मोठा दिवस नमुन्यात नसला की सरासरी फुगते आणि विचलन आक्रसतं. लेखातली चार वर्षं 2020 नंतर सुरू होतात हे लक्षात घ्या. 13 मार्च 2020 ला बाजार उघडल्यावर काही मिनिटांतच निफ्टी 10 टक्के कोसळला, 45 मिनिटं व्यवहार थांबले, आणि दिवसअखेर तोच निफ्टी वर बंद झाला. तुमच्या स्वतःच्या डेटात तो दिवस असेल, तर त्या दिवशी 9:20 ची ओळ कशी भरली आहे ते उघडून पाहा. 4 जून 2024 ला निफ्टी 5.9 टक्के पडला, तो दिवस निदान त्यांच्या नमुन्यात असायला हवा.

पिवोट पॉइंट

ठीक आहे, मोठ्या दिवसांचा मुद्दा पटला, नाइलाजाने का होईना. शंभर स्तंभांची कसोटीही लावली पाहिजे. पण ‘गुरुवारी जास्त सुटतात’ हे लेखातलं वाक्य तुम्ही दोघांनीही सोडून दिलंत. तो वाराचा गुण नव्हता, एक्स्पायरीचा (ऑप्शन संपण्याच्या दिवसाचा) होता; तेव्हा ती गुरुवारी असायची. 1 सप्टेंबर 2025 पासून निफ्टीची वीकली एक्स्पायरी मंगळवारी आली. ज्यांच्या फाइलमध्ये वाराचा स्तंभ आहे त्यांनी तो काढून ‘एक्स्पायरीला उरलेले ट्रेडिंग दिवस’ हा स्तंभ घालावा, आणि सुट्टीमुळे एक्स्पायरी अलीकडे सरकलेले आठवडे हाताने तपासावेत.